गार चिलीम

नवीन जालन्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर तीन ओळी आहेत. पहिल्या दोन अशा कुठल्याही दुकानावर असतात तशा: 'इस्त्री, मिक्सर, शेगडी दुरुस्त करून मिळेल. पंख्याचे वाइंडिंग करून मिळेल.' तिसरी ओळ नंतर, लाल रंगात, वेगळ्या हाताने लिहिलेली आहे: 'बिडी, चिलीम ओढणाऱ्यांनी बाहेर उभे राहू नये. आत येऊन ओढावी.'

शहरातल्या बाकीच्या भिंतींवर याच्या बरोब्बर उलट मजकूर असतो. त्यामुळे ही पाटी वाचून माणूस थांबतो, पुन्हा वाचतो आणि आत डोकावतो. आत एक बाकडं आहे, एक पंखा आहे आणि कडूबाभाऊ आहेत.

एकदा एक हवालदार पाटी वाचून आत शिरला.

"हे काय लिहून ठेवलंय? कायदा माहीत आहे का?"

"माहीत हे साहेब. तुम्ही ओढता का?"

हवालदार गडबडला. "कधी कधी."

"काय?"

"सिगारेट."

"मंग राहू द्या. तिच्यात फिल्टर असतो. तुमचा काही उपयोग न्हाई."

वर्दीतल्या माणसाला असं तोंडावर निरुपयोगी ठरवण्याचा प्रसंग जालन्यात क्वचितच येत असेल. तो कायदा विसरला आणि आपला उपयोग का नाही, हे विचारत बराच वेळ बाकड्यावर बसून राहिला. जाताना त्याने पाटीबद्दल एवढंच सांगितलं की अक्षर जरा बारीक करा.

या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय आहे. मी तिथे बातम्या लिहितो. खालून येणारा धूर जिन्याने वर येतो आणि त्यावरून बिडी चालू आहे की चिलीम, हे कार्यालयातल्या सगळ्यांना आता ओळखता येतं. कडूबाभाऊंशी माझी ओळख या धुराची तक्रार करायला गेलो तेव्हा झाली. तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "किती कडू लागतो धूर? कालच्यापेक्षा कमी का जास्ती?"

कडूबाभाऊ पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि किडकिडीत आहेत. चष्म्याची एक काडी तुटलेली आहे आणि तिच्या जागी वाइंडिंगची तांब्याची तार आहे. शर्टाच्या खिशात टेस्टर. बोलताना ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत, त्याच्या हातात काय आहे ते पाहतात. त्यांनी जन्मात एकदाही बिडी, सिगारेट किंवा चिलीम ओढलेली नाही. दुकानात ओढायला येणाऱ्यांना ते काहीही देत नाहीत. "तंबाखू तुमची, बाकडं माझं," असा साधा करार आहे. बदल्यात ओढणाऱ्याने त्यांनी दिलेल्या चिलमीतून ओढायचं आणि झाल्यावर खरं खरं सांगायचं.

कारण कडूबाभाऊ एक चिलीम तयार करत आहेत. तिच्यात धूर गाळण्याची सोय असावी आणि ती सोय जळू नये, एवढंच त्यांना हवं आहे.

ज्यांनी चिलीम हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती मातीची, निमुळती नळी असते. वरच्या रुंद तोंडात तंबाखू, तिच्यावर निखारा. तंबाखू खाली घसरू नये म्हणून मध्ये एक खडा. खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं, त्याला छापी म्हणतात, आणि दोन्ही हातांच्या मुठीतून ओढायचं. गाळणं म्हणाल तर ती छापी तेवढीच.

"सिगारेटीत कापूस कामून टिकतो?" कडूबाभाऊ समजावून सांगतात. "कारण आग लांब हे. चिलमीत आग आन तोंड एका वितीवर. तिच्यात कापूस टाकला की माणूस तंबाखू न्हाई, कापूसच ओढायला लागतो. म्हणून आधी गरमी काढायची. गरमी एका अंगाला, धूर एका अंगाला. मंग धूर गाळायचा."

'आधी गरमी काढा' हे वाक्य त्यांना इतकं आवडतं की ते कुठेही वापरतात. आमच्या कार्यालयात एकदा जाहिरातवाला आणि वार्ताहर यांचं कडाक्याचं भांडण झालं. आवाज खाली गेला. कडूबाभाऊ हातात कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं घेऊन वर आले, दारात उभे राहून म्हणाले, "आधी गरमी काढा, मंग बोला," आणि खाली निघून गेले. भांडण तिथेच संपलं.

मी त्यांना एकदा विचारलं, हा सगळा खटाटोप कुणासाठी?

"जनतेसाठी," ते म्हणाले.

कांतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना तोंड देतात. त्या हसल्या नाहीत, पण हातातली पावती खाली ठेवली.

"कशाची जनता? एकच माणूस हे यांची जनता. तिकडं मेंढ्यांमागं खोकत बसलाय."

तो एक माणूस म्हणजे कडूबाभाऊंचे थोरले भाऊ, सांडूदादा. भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला त्यांच्या मेंढ्या फिरतात. वडील लवकर गेले. कडूबा तेव्हा लहान होता. सांडूदादांनी त्याला वाढवला, आणि मेंढ्या राखायला शिकवायचा प्रयत्नही केला. तो फसला. मेंढ्यांमागे पाठवलं की कडूबा झाडाखाली रेडिओ खोलून बसायचा आणि मेंढ्या लोकांच्या हरभऱ्यात. एकदा हरभरेवाला काठी घेऊन आला, तर कडूबाने त्याला विचारलं, तुमच्या घरी सेल आहेत का. त्या दिवशी सांडूदादांनी निकाल दिला: "तू मेंढराच्या कामाचा न्हाई. जा, तुझं काय ते शीक." आणि त्यांनी त्याला जालन्याला आयटीआयला घातलं.

आता सांडूदादांची छाती बिघडली आहे. चढ आला की ते थांबतात, काठीवर वाकतात आणि खोकला ओसरेपर्यंत मेंढ्या पुढे निघून जातात. कडूबाभाऊंनी त्यांना जालन्यातल्या डॉक्टरांकडे आणलं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडात धरला आणि स्पष्ट सांगितलं: चिलीम सोडा, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे. सांडूदादा "सोडतो" म्हणाले, परत गेले आणि ओढत राहिले.

"हट्टी आहेत," मी म्हणालो.

"हट्टी न्हाई," कडूबाभाऊ म्हणाले. मग त्यांनी हातातली इस्त्री बाजूला ठेवून मला बैठकीबद्दल सांगितलं.

दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की माणसंही गोल करून बसतात. चिलीम पेटते आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. उद्या कुठे हलायचं, कुणाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ, सगळं त्या गोलात ठरतं. आणि आलेली चिलीम न ओढता पुढे दिली तर त्याचा अर्थ एकच होतो: त्या गोलातल्या कुणावर तरी तुमचा राग आहे. लगेच विचारणा होते. कुणावर राग? कशाचा? राग नाही म्हटलं तर मग ओढ. उठून लांब बसलं तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्या शब्दाला किंमत नाही.

"दादा त्या बैठकीत पोरपणापासून बसतो. डॉक्टरला म्हणलं, साहेब, चिलीम सुटंल, पण बैठक कशी सुटंल? डॉक्टर म्हणले, ते माझ्या विषयात येत नाही." कडूबाभाऊंनी इस्त्री पुन्हा उचलली. "मंग म्हणलं, माझ्या विषयात येतं."

डॉक्टरांनी त्यांना हेही बजावलं होतं की गाळून घेतला तरी धूर तो धूरच. कडूबाभाऊंनी विचारलं, कमी तर होईल? डॉक्टर म्हणाले, असं मी काही लिहून देणार नाही. कडूबाभाऊंना लिहून काही नकोच होतं.

पहिला प्रयोग साध्या कापसाचा झाला. दुसऱ्या झुरक्याला तो पेटला आणि ओढणाऱ्या हमालाची मिशी थोडक्यात वाचली. मग लोकर आणली, घरचीच, दादाच्या मेंढ्यांची. लोकर पेटत नाही हे खरं, पण तिचा जो वास सुटला त्याने शेजारच्या सलूनमधलं अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक उठून रस्त्यावर आलं. सलूनवाला तणतणत आला. "कडूभाऊ, केस मी कापायचे आन तुम्ही जाळायचे का?" मग वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. मग चहाची गाळणी. गाळणी तापून इतकी लाल झाली की कांतावहिनींनी ती चिमट्याने काढून घेतली आणि जाहीर केलं की यापुढे घरातली वस्तू दुकानात येणार नाही.

"दुकान हे का धुनी?" त्या मला म्हणाल्या. "लोकाच्या इस्त्र्या उघड्या पडल्यात आन यांचं ध्यान चिलमीत."

इस्त्र्या उघड्या पडल्या होत्या त्याला कारण होतं. जुन्या पद्धतीच्या इस्त्रीत, तापणाऱ्या तारेखाली, अभ्रकाचा पातळ पत्रा असतो. वीज तो अडवतो आणि कितीही तापला तरी जळत नाही. आयुष्यभर इस्त्र्या खोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचायला एवढा वेळ लागला, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. त्यांनी अभ्रकाच्या दोन गोल चकत्या कापल्या, दोन्हींना बारीक छिद्रं पाडली आणि त्या एकमेकींवर अशा बसवल्या की एकीची छिद्रं दुसरीच्या छिद्रांसमोर येऊ नयेत. धूर वळसा घालून जातो, ठिणगी जात नाही. त्याखाली कापसाची चकती, सगळ्यांवर तारेची बारीक जाळी. कापूस टिकला. जालन्यातल्या बऱ्याच इस्त्र्या मात्र त्या काळात अभ्रकाची वाट पाहत होत्या. त्यात माझीही होती. मी बरेच दिवस चुरगळलेल्या शर्टाने पत्रकार परिषदांना गेलो.

कापूस टिकला तरी चिलीम हाताला तापतच होती. कडूबाभाऊंचं म्हणणं, ही गरमी नळीच्या भिंतीतून खाली येते आणि धुराबरोबर छातीत जाते. म्हणून भिंती दोन हव्यात, मधे हवा. थर्मासला असतात तशा. हे काम मातीचं होतं. ते कुंडलिका नदी ओलांडून जुन्या जालन्यात लक्ष्मणभाऊ कुंभारांकडे गेले.

"चिलमीला दोन भिंती?" लक्ष्मणभाऊ म्हणाले. "चिलीम हे का बंगला?"

पण त्यांनी करून दिली. दिवस संक्रांतीच्या तोंडावरचे होते आणि ती चिलीम सुगडांच्या भट्टीत भाजायला ठेवली गेली. दोन भिंतींच्या मधे हवा कोंडली होती. भट्टी तापली, कोंडलेली हवा फुगली आणि चिलीम फुटली. फुटताना तिने आजूबाजूची सगळी सुगडं सोबत नेली. लक्ष्मणभाऊंनी त्या दिवशी कडूबाभाऊंना काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

"कुकरला शिटी असती," कडूबाभाऊ मला नंतर खाली मान घालून म्हणाले. "मी रोज कुकर बघतो. आन हिला शिटी ठेवायची हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

लक्ष्मणभाऊंच्या घरचे मिक्सर आणि पंखे त्यांनी आपण होऊन दुरुस्त करून दिले. संक्रांत होऊन गेल्यावर दुसरी चिलीम झाली. बाहेरच्या भिंतीला खाली एक बारीक छिद्र होतं. ती फुटली नाही.

दुकानात तिची चाचणी झाली. बाकड्यावरच्या जाणकारांनी ओढून पाहिली. एक रिक्षावाला म्हणाला, धूर जरा अळणी आहे. एक हमाल म्हणाला, ओढायला जोर लागतो, पण घसा जळत नाही. कडूबाभाऊंनी कापसाची चकती काढून सगळ्यांना दाखवली. ती गडद तपकिरी झाली होती, काठ पिवळे. "हे बघा. हे सगळं छातीत जाणार होतं." ते आनंदाने बोलत नव्हते. सापडलेला चोर दाखवावा तसे बोलत होते.

मी विचारलं, बातमी करू का? ते लगेच म्हणाले, "नको. दादा पेपर वाचून घेतो कुणाकडून तरी. त्याला वाटंल, माझ्यासाठी गावभर बोंबलून राह्यलाय."

चिलीम पोहोचवायला ते मोटारसायकलवर निघाले तेव्हा मी मागे बसलो. मेंढ्यांचा तळ त्या वेळी एका कापूस काढलेल्या रानात होता. दुपार होती. बाभळीखाली घोंगड्या अंथरून माणसं बसली होती. सांडूदादा उठून आले, पण बांध चढताना मधेच थांबले आणि काठीवर वाकून खोकले. खोकला बराच वेळ चालला. कडूबाभाऊ त्यांच्याकडे न पाहता मोटारसायकलचं स्टँड पुन्हा पुन्हा लावत राहिले.

सांडूदादा बुटके, रुंद खांद्यांचे आहेत. आवाज मोठा, पण वाक्य संपेपर्यंत दम पुरत नाही.

"हे काय आणलं रे कडू? एवढी जाड?"

"दादा, गरमी काढलीय तिची. ओढून बघ."

पण गोलात पहिला मान वयाने मोठ्या माणसाचा. तिथे तो भिवसनमामांचा होता. मामांनी चिलीम घेतली, छापी बांधली, निखारा ठेवला, डोळे मिटून ओढली. सगळे पाहत होते. मामांनी मान हलवली, म्हणजे बरी आहे. आणि पुन्हा ओढली. मग पुन्हा. शेजारचा माणूस हात पुढे करून बसला होता. त्याचा हात तसाच राहिला.

"मामा, पुढं द्या की."

"तापली कुठं अजून?" मामा म्हणाले आणि ओढत राहिले.

अडचण तेव्हा लक्षात आली. बैठकीत चिलीम किती वेळ धरायची याचं एकच माप आहे. ओढताना नळी तापत जाते. हाताला चटका बसला की पुढे द्यायची. कुणी कुणाला सांगावं लागत नाही, कुणी जास्त ओढली असं होत नाही. कडूबाभाऊंच्या चिलमीचा चटका बसतच नव्हता. मामा नियमाने बसले होते. तंबाखू संपून निखारा विझेपर्यंत ती चिलीम त्यांच्या हातातच राहिली.

"सगळी तुम्हीच ओढली!" शेजारचा ओरडला.

"मंग मी काय करू? चटकाच बसंना!"

"म्हातारं बनेल हे."

"कुणाला बनेल म्हणतो रे?"

आवाज चढले. काही मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. या गोंधळात कडूबाभाऊ चिलमीला बोट लावून लावून सांगत होते, "बघा ना, बिलकुल गार हे! बघा!" त्यांचा शोध पूर्ण यशस्वी झाला होता आणि ते ऐकून घ्यायला कुणालाही सवड नव्हती.

शेवटी भिवसनमामांनीच निवाडा केला. "ही बैठकीची चिलीम न्हाई. जी तापत न्हाई ती पुढं जात न्हाई. ही एकट्याची हे. सांडू, तुझ्या भावानं केलीय, तूच ठेव. बैठकीत बस, पण तुझी तू ओढ."

सांडूदादांनी चिलीम घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि घोंगडीवर शेजारी ठेवली. "चांगली केली रे," ते म्हणाले.

परतताना भोकरदनच्या अलीकडे कडूबाभाऊंनी गाडी हळू केली आणि मागे न वळता म्हणाले, "बैठक राहावी म्हणून केली, आन तिच्यामुळंच दादा बैठकीत एकटा पडला."

यानंतर कापसाची चकती बदलायला ते ठरावीक दिवसांनी जाऊ लागले. मेंढ्यांचा तळ जिथे असेल तिथे. जुनी चकती ते परत आणत, टेबलावरच्या काचेखाली ठेवत आणि उजेडात पाहत. उन्हाळ्यातल्या चकत्या दुकानातल्यासारख्याच गडद होत्या. पावसाळ्यातल्या जरा फिक्या. दिवाळीनंतरची आणखी फिकी. कुणीही या चकत्या पाहून म्हणालं असतं, वा, सुधारणा आहे. मीही म्हणालो.

"सुधारणा कशाची?" ते चिडले. "कापूस पांढरा राह्यला म्हणजे धूर गेला कुठं? बाजूनं चाल्ला. अभ्रक आन भिंत यांच्यात फट पडली असंल. सगळा धूर न गाळता दादाच्या छातीत. मी दादाला गाळणी म्हणून भोक करून दिलं!"

त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांशी नीट बोलणं सोडलं. कांतावहिनी म्हणाल्या की जेवणही सोडलं आहे, नुसतं ताटात चिवडतात. थंडी सुरू झाली होती आणि डॉक्टरांचं हिवाळ्याबद्दलचं वाक्य त्या घरात सगळ्यांच्या लक्षात होतं. कडूबाभाऊंनी नव्या चकत्या कापल्या, काठाला घट्ट बसतील अशा, आणि फट बुजवायला कसलीशी माती कालवून डबीत भरली. मला म्हणाले, "साहेब, चला. आज सोक्षमोक्ष."

तळ या वेळी एका टेकडीच्या पायथ्याशी होता. मोटारसायकल खाली लावावी लागली. आम्हाला पाहून सांडूदादा ओढ्याच्या काठावरून निघाले आणि चढ चढून थेट आमच्यापर्यंत आले. मधे थांबले नाहीत. आल्यावर थोडे धापा टाकत होते, पण बोलले पूर्ण वाक्य.

"कडू, किती वाळला रे तू? कांता जेवायला देत न्हाई का?"

"चिलीम दे दादा."

"बस तर आधी."

"दे तू आधी."

सांडूदादांनी ती पटक्यात खोचलेली चिलीम काढून दिली. कडूबाभाऊंनी मांडीवर फडकं पसरलं, चष्मा सारखा केला, तारेच्या आकड्याने वरची जाळी उचलली. अभ्रकाच्या दोन्ही चकत्या बाहेर काढल्या. मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. अभ्रकावर काजळी नव्हती. वरच्या तोंडात निखाऱ्याचा नवा डाग नव्हता. फट कुठेही पडलेली नव्हती. कापसाची चकती मागच्या वेळी बसवली तशीच होती, पांढरी. कडूबाभाऊंनी ती नाकाजवळ नेली. मग माझ्या नाकाजवळ धरली. कापसाला कापसाचाच वास होता.

याचा अर्थ उघड होता. धूर बाजूने जात नव्हता. धूर नव्हताच. मागच्या खेपेपासून त्या चिलमीत तंबाखू पेटली नव्हती, आणि त्याआधीच्या चकत्या फिक्या होत गेल्या त्याचंही कारण तेच होतं.

"लई भारी ओढती रे," सांडूदादा आमच्यासाठी घोंगडी अंथरत पाठमोरेच म्हणाले. "रोज ओढतो. दोनदा तीनदा. घसा बिलकुल जळत न्हाई."

भिवसनमामा आणि बाकीची माणसं एकदम मेंढ्यांकडे पाहू लागली. मेंढ्या निवांत बसलेल्या होत्या, पाहण्यासारखं काही नव्हतं.

कडूबाभाऊंनी चकती मुठीत मिटली.

"दिसतंय दादा," ते म्हणाले. "कापूस पार काळा झाला. बदलून देतो."

त्यांनी नवी चकती बसवली, अभ्रक बसवलं, जाळी दाबली. नेहमीइतकाच वेळ घेतला आणि चिलीम भावाच्या हातात दिली. मुठीतली चकती त्यांनी खिशात टाकली.

मग बैठकीची चिलीम पेटली. भिवसनमामांनी ओढली, चटका बसल्यावर पुढे दिली. ती फिरत सांडूदादांपर्यंत आली. त्यांच्या उजव्या हातात त्यांची स्वतःची चिलीम होती. त्यांनी बैठकीची चिलीम डाव्या हाताने घेतली आणि तोंडाला न लावता पलीकडच्याला दिली. कुणावर राग आहे, असं त्यांना कुणी विचारलं नाही. ज्याच्या हातात आधीच चिलीम आहे त्याला कोण काय विचारणार? बोलणं उद्या कुठल्या रानात जायचं याचं चाललं होतं. सांडूदादा म्हणाले, खालच्या अंगाला जाऊ, तिकडं पाला जास्त आहे. भिवसनमामा म्हणाले, बराबर. तसं ठरलं.

आम्ही निघालो तेव्हा सांडूदादा मोटारसायकलपर्यंत खाली आले.

"कडू, एक सांगू का? चिलीम चांगलीच हे. पण जरा जड हे. लई वेळ धरली की मनगट दुखतं."

"हलकी करून आणतो, दादा."

"जल्दी न्हाई काही. तुझ्या सवडीनं."

भोकरदनला आम्ही चहाला थांबलो. कडूबाभाऊंनी एक बिस्किटाचा पुडा मागवला, तो संपवला आणि दुसरा मागवला. टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ते नळीची आकृती काढत होते.

"बाहेरची भिंत पातळ घ्यायची," ते म्हणाले. "लक्ष्मणभाऊला सांगतो. तो शिव्या देईल, पण करील."

मी म्हणालो, आता आतल्या सामानाची गरज काय? अभ्रक, जाळी, कापूस, सगळं काढून टाका. निम्मं वजन तिथेच कमी होईल.

त्यांनी मान हलवली.

"अभ्रक न्हाई काढायचं. कापूस पण न्हाई. नवी आणली की दादा एकदा तरी उघडून बघंल ना." त्यांनी टेबलावरची आकृती तळहाताने पुसली. "सामान न्हाई दिसलं तर त्याला कळंल, मला कळलंय ते."